दिवाणजींची वही आणि भावाचे समाजशास्त्र

चोपडा तालुक्यातील एका वाचक भगिनीच्या दीर्घ पत्रातला मुख्य भाग असा: ‘माझे वय ३३. समाजशास्त्रात एम. ए. आणि नेट झाले असून सहा वर्षे घड्याळी तासिका तत्त्वावर शिकवते आहे. पीएच. डी.साठी मला भाव, उधारी आणि पैसा यांचा समाजशास्त्रीय अभ्यास करायचा आहे. परदेशात त्याला वित्ताचा सामाजिक अभ्यास म्हणतात. मार्गदर्शक म्हणतात, हा विषय वाणिज्य शाखेचा आहे आणि खरा वित्तबाजार मुंबईत आहे; त्यापेक्षा बचत गटांकडून प्रश्नावली भरून घ्या आणि तीन वर्षांत मोकळ्या व्हा. माझे वडील चाळीस वर्षे एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या कारखान्यात, दिवाणजी होते. विषय ऐकून ते एवढेच म्हणाले की, लोकांच्या वहीतले बाहेर सांगायचे नसते. या विषयाला भवितव्य आहे का, तो खान्देशात राहून करता येईल का, आणि वडिलांना मी काय सांगू?’

ताई, तुमच्या पहिल्या दोन प्रश्नांना माझे उत्तर होकारार्थी आहे, मात्र काही अटींसह. वडिलांच्या वाक्याला काय उत्तर द्यायचे, हा तिसरा प्रश्न मला साऱ्या पत्रातला सर्वांत गंभीर संशोधनविषयक प्रश्न वाटतो, म्हणून त्याकडे शेवटी आणि सावकाश येतो.

तुमच्या मार्गदर्शकांचे म्हणणे वाईट हेतूने आलेले नाही. भाव, व्याज आणि रोखे यांवर अर्थशास्त्राने आणि वाणिज्याने बोलावे, कुटुंब, जात आणि गाव यांवर समाजशास्त्राने बोलावे, अशीच आपल्या विद्यापीठांतली शाखांची वाटणी आहे. परंतु ज्यांनी ही अभ्यासशाखा उभी केली त्यांची वाटचाल पाहिली, तर ही वाटणी टिकत नाही. एडिनबरा विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ डोनाल्ड मॅकेन्झी यांचे मूळ शिक्षण गणिताचे. १९८१ साली त्यांचे पुस्तक आले ते ब्रिटनमधील संख्याशास्त्राच्या इतिहासावर. १९९० साली दुसरे मोठे काम प्रसिद्ध झाले ते अण्वस्त्रे वाहणाऱ्या क्षेपणास्त्रांच्या अचूकतेवर. आणि त्यानंतर ते वित्तबाजारांकडे वळले. वरवर पाहता या तीन विषयांचा एकमेकांशी संबंध नाही, पण प्रश्न मात्र तिन्ही ठिकाणी एकच होता: एखाद्या आकड्यावर लोकांचा विश्वास बसतो तो कोणामुळे, कोणत्या साधनांमुळे आणि कोणत्या झगड्यातून? संशोधकाची कारकीर्द बांधली जाते ती अशा एका प्रश्नाला अनेक वर्षे धरून राहण्याने. तुमच्या पत्रात तो प्रश्न मला दिसला, म्हणूनच हे उत्तर इतके लांबणार आहे.

त्यांच्या वित्तविषयक कामातला एक भाग येथे सांगतो, कारण तुमच्या विषयाची किल्ली त्यात आहे. १९७३ साली फिशर ब्लॅक आणि मायरन शोल्स यांनी ऑप्शनची किंमत काढण्याचे सूत्र प्रसिद्ध केले, आणि त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये शिकागो येथे ऑप्शनचा संघटित बाजार सुरू झाला. ठरलेल्या मुदतीत ठरलेल्या भावाने काही घेण्याचा किंवा विकण्याचा हक्क, पण सक्ती नाही, म्हणजे ऑप्शन. सुरुवातीला बाजारातले भाव त्या सूत्राशी फारसे जुळत नव्हते. मग ब्लॅक यांनी सूत्रावरून काढलेल्या किमतींचे छापील तक्ते विकायला सुरुवात केली. व्यापारी ते कागद गुंडाळून हातात बाळगत, कोणता ऑप्शन स्वस्त आणि कोणता महाग हे त्यावरून ठरवत, आणि त्यांच्या त्या खरेदी-विक्रीमुळेच भाव सूत्राकडे सरकत गेले. १९ ऑक्टोबर १९८७ रोजी बाजार कोसळल्यानंतर भाव आणि सूत्र यांची पुन्हा फारकत झाली. मॅकेन्झी यांचा निष्कर्ष असा की, ते सूत्र बाजाराचे नुसते चित्र काढत नव्हते, ते बाजाराला चालवतही होते. या निष्कर्षाला पोहोचण्यासाठी एका समाजशास्त्रज्ञाला ते गणित मुळापासून समजून घ्यावे लागले, आणि त्याच वेळी तो कागद कोणाच्या हातात होता, हेही पाहावे लागले.

आता हेच आपल्या मातीत आणून पाहू. मारी-फ्रान्स गार्सिया या फ्रेंच संशोधिकेने १९८६ साली फ्रान्समधल्या एका लहान गावातल्या स्ट्रॉबेरीच्या लिलावबाजाराचा अभ्यास प्रसिद्ध केला. अर्थशास्त्राच्या पुस्तकात असतो तसा ‘परिपूर्ण’ बाजार तेथे खरोखरच भरत होता. पण तो आपोआप अवतरलेला नव्हता. अर्थशास्त्र शिकलेला एक कृषी सल्लागार, काही उत्पादक, मालाची प्रतवारी, आकडे दाखवणारा फलक आणि खरेदीदार व उत्पादक एकमेकांना दिसू नयेत अशी इमारतीची रचना, या सगळ्यांनी मिळून तो घडवला होता. हे वाचताना मला दर वेळी आपली रावेर-सावद्याची केळी आठवते. नवती, कांदेबाग, पिलबाग, वापसी अशी बागांची आणि मालाची भाषा, जाहीर झालेला बोर्डभाव, त्यावर मिळणारी वाढीव रक्कम म्हणजे ‘फरक’, पलीकडे बऱ्हाणपूरच्या लिलावाकडे लागलेले डोळे, आणि जाहीर भावाने माल कापला जात नाही ही शेतकऱ्यांची जुनी तक्रार! भाव फलकावर लिहिला जातो एके ठिकाणी, माल कापला जातो दुसऱ्या ठिकाणी, आणि या दोहोंमधल्या अंतरात किती माणसे, किती फोन आणि किती जुनी देणी उभी असतात, याचा बारकाईने केलेला अभ्यास माझ्या वाचनात आलेला नाही.

तेव्हा खरा वित्तबाजार मुंबईत आहे, या विधानाशी मी सहमत नाही. मुंबईत त्याचे दलाल आणि संगणक आहेत, पण त्याची मुळे इकडेही पसरली आहेत. अमेरिकेतल्या १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धाने कापसाचा भाव चढला, तेव्हा त्याचे पडसाद खान्देशच्या काळ्या जमिनीवर उमटले. न्यूयॉर्कहून येणाऱ्या कापसाच्या भावावर एके काळी मुंबईत आकडा लागत असे, आणि मटका हा जुगार त्यातूनच पुढे फोफावला. तुमच्या शेजारच्या अमळनेरला १९४५ साली वनस्पती तुपाचा उद्योग म्हणून विप्रोची स्थापना झाली, आणि त्या कंपनीचे समभाग पिढ्यान्‌पिढ्या न विकता जपणारी कुटुंबे त्या गावात आहेत; लेकीच्या लग्नासाठी शेत विकावे की समभाग, हा प्रश्न ज्या घरात चर्चिला गेला असेल, त्या घरात जाऊन बसणे हे समाजशास्त्रज्ञाचेच काम आहे. आणि आजचे पाहायचे तर सेबी या शेअर बाजाराच्या नियामक संस्थेने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, समभागांच्या फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या व्यक्तिगत व्यवहारकर्त्यांपैकी ९३ टक्के लोकांना तीन वर्षांत तोटा झाला, आणि तो एकूण १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होता. शिकागोतल्या त्या कागदाचा वंशज आज चोपड्याच्या बसस्थानकावर बसलेल्या तरुणाच्या मोबाईलमध्ये आहे, आणि तो कदाचित तुमचाच विद्यार्थी असेल.

मात्र यातले सगळे तुम्ही करू नका. केळी, कापूस, समभाग, भिशी, सोनेतारण, पतसंस्था आणि सावकारी अशी यादी तुमच्या पत्रात आहे, आणि त्या यादीची मला काळजी वाटते. पीएच. डी.साठी एकच वस्तू निवडा आणि तिच्या मागे चालत राहा. मला विचाराल तर मी ओलावा मोजण्याचे यंत्र सुचवीन.

कारण सांगतो. केंद्र सरकारने २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये ठरवला. हा भाव ८ टक्के ओलावा असलेल्या कापसाचा आहे. त्यापुढे प्रत्येक टक्क्याला एक टक्का, म्हणजे ८१ रुपये १० पैसे कमी होतात, आणि १२ टक्क्यांच्या वर ओलावा गेला तर भारतीय कापूस महामंडळ माल घेत नाही. म्हणजे ज्याच्या गाडीत वीस क्विंटल कापूस आहे, त्याच्यासाठी त्या यंत्राच्या काट्यावरचा एक टक्का १,६२२ रुपयांचा असतो, आणि बारा व तेरा यांच्यामधली रेघ ओलांडली की तोच शेतकरी हमीभावाच्या दारातून खासगी व्यापाऱ्याच्या दारात जाऊन उभा राहतो. आता पाहा, हे यंत्र कोणाच्या हातात असते? गाडीच्या कोणत्या थरातला कापूस तपासतात? सकाळच्या दवात आणि दुपारच्या उन्हात एकाच गाडीचा आकडा बदलतो, तेव्हा रांगेत कोण पुढे आणि कोण मागे राहतो याला काय किंमत येते? मुठीत कापूस दाबून ओलावा सांगणाऱ्या जुन्या ग्रेडरचा अंदाज आणि यंत्राचा आकडा जुळला नाही, तर कोणाचे खरे धरतात? ज्या शेतकऱ्याने पेरणीच्या वेळी व्यापाऱ्याकडून उचल घेतली आहे, त्याच्या मालाचा ओलावा मुळात मोजला तरी जातो का, की खेडा खरेदीत, म्हणजे व्यापाऱ्याने गावातच येऊन केलेल्या खरेदीत, भाव आधीच ठरलेला असतो? यांतील प्रत्येक प्रश्न हवामानापासून दिल्लीच्या धोरणापर्यंत आणि दिवाणजीच्या वहीपर्यंत जातो, आणि तरीही तुमच्या हातात एक ठोस वस्तू राहते. सदतीस प्रश्नांची प्रश्नावली जे देऊ शकणार नाही, ते एका खरेदी केंद्रावर दोन हंगाम उभे राहिल्याने मिळेल.

माझी पहिली अट येथेच येते. हिशेब शिकल्याशिवाय या विषयात पाऊल टाकू नका. आपल्याकडे उधारीवर लिहिणाऱ्यांची एक सवय आहे: सावकार दुष्ट आणि कर्जदार दीन, असे आधी ठरवायचे आणि मग त्याला साजेशा मुलाखती जमवायच्या. शोषण नाही असे मी म्हणत नाही. पश्चिम खान्देशात आदिवासींच्या जमिनी कशा गेल्या आणि त्यातून शहाद्याची चळवळ का उभी राहिली, हे या भागातल्या कोणाही जाणत्याला माहीत आहे. पण दुष्टपणा हे स्पष्टीकरण नव्हे. १९५१-५२ च्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीत शेतकऱ्यांच्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा ३.१ टक्के आढळला आणि सावकारांचा सुमारे ७० टक्के. सहकारी पतसंस्थांचा कायदा १९०४ साली होऊनही अर्धशतकानंतर ही स्थिती का राहिली, याचे उत्तर सावकाराच्या स्वभावात सापडणार नाही. ते तारणात, वेळेत, ओळखीत आणि हिशेबाच्या पद्धतीत शोधावे लागेल. शेकडा तीन म्हणजे महिन्याला तीन आणि वर्षाला छत्तीस टक्के, हे आपल्या आजीलाही ठाऊक होते. सवाई आणि दिढीने, म्हणजे सव्वापट आणि दीडपट, परत करायच्या धान्याचे वार्षिक व्याज किती पडते, हे मात्र आपल्या शाखेतल्या किती पदव्युत्तर विद्यार्थ्यांना काढता येईल? तुम्हाला ते यायला हवे. जमा-नावे, रोजकीर्द आणि खतावणी यायला हवी. रुई, सरकी आणि घट यांचा जिनिंगमधला हिशेब यायला हवा. वायद्याचा भाव आणि हजर बाजारातला भाव यांतले अंतर का पडते, हे कोणाची मदत न घेता समजावून सांगता यायला हवे. मानववंशशास्त्रज्ञ केटलिन झालूम यांनी शिकागोच्या बाजारात कारकुनी केली आणि मग लिहिले. त्याच शाखेतल्या कॅरेन हो यांनी वॉल स्ट्रीटवरच्या एका बँकेत नोकरी केली, नोकरकपातीत ती गमावली, आणि नोकरकपातीलाच आपल्या अभ्यासाच्या केंद्रस्थानी आणले. तुम्हाला कारकुनी करण्याची गरज नाही. चाळीस वर्षांची कारकुनी तुमच्या घरात बसलेली आहे.

भवितव्याविषयी मी गोड बोलणार नाही. समाजशास्त्राच्या पूर्णवेळ जागा आपल्या भागात फार थोड्या निघतात, आणि विषय चांगला असल्याने जागा वाढत नाहीत. तरीही मी हाच विषय घ्यावा असे म्हणतो, कारण बचत गटांवरचा आणखी एक प्रबंध तुम्हाला पदवी देईल, पण मुलाखतीच्या खोलीत वेगळे ओळखू देणार नाही; आणि कापसाचे गणित जाणणारी समाजशास्त्रज्ञ ग्रामीण वित्त, सहकार, विमा अशा अनेक प्रकल्पांना हवी असते. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठातच नोंदणी करा. त्यासाठी गाव सोडण्याची आवश्यकता नाही. मार्गदर्शकांशी वाद घालत बसू नका. शीर्षकात ‘वित्ताचा सामाजिक अभ्यास’ हे शब्द घालण्याचा हट्ट सोडा, ‘कापूस खरेदी व्यवहारातील प्रतवारी आणि भावनिश्चिती: एक समाजशास्त्रीय अभ्यास’ असे साधे नाव द्या, आणि अर्थशास्त्र विभागातल्या एखाद्या शिक्षकांना सहमार्गदर्शक म्हणून घेता येते का, हे त्यांनाच विचारा, वाणिज्याची शंका त्यामुळे बरीचशी मिटेल. भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेच्या डॉक्टरल शिष्यवृत्तीसाठी अर्ज करा, कारण तासिकांच्या मानधनावर दोन हंगामांचा प्रवासखर्चही निघणार नाही. पैसे घेऊन आठवड्यात लेख छापणाऱ्या नियतकालिकांपासून दूर राहा. एक चांगला लेख इंग्रजीत लिहा, म्हणजे एडिनबराच्या वाचकाला ओलाव्याचे यंत्र कळेल. आणि तोच विषय मराठीत वेगळा, नव्याने लिहा, म्हणजे तो ज्यांच्या कापसाचा आहे त्यांना वाचता येईल. ‘कटती’, म्हणजे माल घेताना केली जाणारी कपात, या शब्दाला इंग्रजी प्रतिशब्द शोधताना तुमच्या लक्षात येईल की, त्या एका शब्दात वजन, प्रत, रूढी आणि ताकद अशा चार गोष्टी एकत्र बसल्या आहेत, आणि तेथेच तुमचे एक प्रकरण तयार होईल.

आता वडील. लोकांच्या वहीतले बाहेर सांगायचे नसते, हे वाक्य तुम्हाला अडथळा वाटले, असे पत्रावरून दिसते. मला ते तसे वाटत नाही. सुमारे तीस वर्षांपूर्वी मी तापीकाठच्या एका गावातल्या उधारीवर लेख लिहिला होता. नावे बदलली होती, गावाचे नावही दिले नव्हते. पण दोन मुलींच्या लग्नानंतर ट्रॅक्टर विकलेला शेतकरी, एवढ्या वर्णनावरून त्या पंचक्रोशीने माणूस ओळखला. त्याच्या अडचणीची सर्वांना कुणकुण होतीच. माझ्या लेखाने तिच्यावर शिक्का मारला, आणि पुढच्या हंगामात त्याला बियाणे उधार मिळाले नाही. मी त्याच्या घरी जाऊन क्षमा मागितली. त्याने चहा दिला, मला एका शब्दानेही दुखावले नाही. पण गेलेली पत माझ्या क्षमेने परत आली नाही, आणि ते ओझे माझ्यावर अजून आहे.

तेव्हापासून मला कळले की, वहीतले गुपित राखणे हा दिवाणजीचा नुसता सज्जनपणा नसतो. त्या गुपितावर सगळी उधारी उभी असते. कोणाचे किती देणे आहे हे गावाला निश्चित ठाऊक नसते, म्हणूनच अडचणीतल्या माणसालाही आणखी एक हंगाम निभावून नेता येतो. तुमच्या वडिलांनी चाळीस वर्षे जे सांभाळले, ते जिनिंगच्या मालकाचे हिशेब होते आणि शेकडो घरांची पतही होती. तेव्हा त्यांच्या वाक्याला उत्तर देऊ नका. ते वाक्य तुमच्या प्रबंधाच्या पद्धतीविषयक प्रकरणात पहिल्या पानावर आणा, आणि त्याचे बंधन खरोखर पाळा. त्यांच्याजवळ जुन्या वह्या असतील तर त्या संशोधनाची सामग्री म्हणून वापरू नका. त्या त्यांच्याही नाहीत आणि तुमच्याही नाहीत. त्यांच्याकडून व्यक्ती विचारू नका, रीत विचारा: उचल कोणत्या खात्यावर लिहीत, कटती वेगळी दाखवीत की भावातच धरीत, लक्ष्मीपूजनाला नवी वही सुरू करताना जुनी बाकी कशी पुढे ओढीत, आणि बाकी सोडून द्यायची असेल तर ती कोणत्या शब्दांत लिहीत. ज्या केंद्रावर अभ्यास कराल तेथे प्रत्येकाला आधी सांगा की, तुम्ही कोण आहात आणि काय लिहीत आहात. कोणाचाही प्रसंग लिहिताना नाव बदलून थांबू नका. लग्न, ट्रॅक्टर, आजारपण असे ओळख पटवणारे तपशील काढा, किंवा त्या माणसाला मसुदा वाचून दाखवा आणि त्याने नको म्हटले तर तो भाग गाळा, मग त्यात प्रबंधाचे सर्वांत चांगले पान गेले तरी चालेल. बाजारात बाईमाणूस म्हणून उभे राहण्याची जी धास्ती तुम्ही पत्राच्या शेवटी बोलून दाखवली आहे, ती रास्त आहे; पहिले काही दिवस वडिलांना बरोबर घेऊन जा. जुन्या दिवाणजींची मुलगी म्हणून तुमच्यापुढे खुर्ची ठेवली जाईल, पण त्याच ओळखीमुळे हमाल आणि लहान शेतकरी तुमच्यापुढे मोकळेपणाने बोलणार नाहीत, हे ध्यानात ठेवा आणि नंतर एकट्या जा.

कापसाची आवक दसरा-दिवाळीपासून वाढू लागते. त्याआधी वडिलांना शेजारी बसवून एका कोऱ्या वहीत एका काल्पनिक हंगामाची, खोट्या नावांची संपूर्ण रोजकीर्द आणि खतावणी त्यांच्या हातून लिहून घ्या. ती पुरी झाली की तिची प्रत मला पाठवा. पुढच्या पत्रात आपण तिच्यावरच बोलू.